बागेत रेंगी आणू नये

आमच्या ताईच्या पायांवरून वारं गेलं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मी दोन. पोलिओ हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. तोवर ते वारंच होतं. ताप आला, तीन दिवस राहिला आणि उतरताना तिच्या दोन्ही पायांतला जीव घेऊन गेला. माय सांगायची की चौथ्या दिवशी ती अंथरुणावरून उठायला गेली आणि हसली, कारण तिला वाटलं पायांना मुंग्या आल्यात. मला यातलं काही आठवत नाही. माझ्या आठवणीतली ताई पहिल्यापासून बसलेलीच आहे, आणि बसल्या जागेवरून सगळ्या घरावर हुकूम चालवणारी आहे.

आम्ही तेव्हा अमरावतीला राहायचो. बाबा कचेरीत कारकून होते. चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातून आलेले. शाळेत असताना वर्गाबाहेरच्या ओसरीवर बसून शिकलेले, आणि तरी अक्षर असं की साहेब लोक मुद्दाम त्यांच्याकडून मसुदे लिहून घेत. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावातल्या कुठल्याही मोठ्या घरी गेले तरी मागच्या दाराला उभे राहत. ज्वारी मिळायची ती मागच्या दारी, निरोप मिळायचा तो मागच्या दारी, आणि शिव्याही तिथंच. छप्पनच्या दसऱ्याला बाबा मायला घेऊन नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि घरात पाऊल ठेवताच त्यांनी सांगून टाकलं, "आजपासून आपल्यातलं कोनी मांगच्या दारानं जानार नाई. कुठीच नाई." आम्ही मुली हो म्हणालो. त्या वयात हो म्हणायला काय लागतं!

ताई दहा वर्षांची झाली तेव्हा शेजारच्या सुतारानं तिला गाडी करून दिली होती. जुन्या सायकलची दोन चाकं, मधे सागाच्या फळ्या, पाठीला टेकायला एक आडवी पट्टी आणि ओढायला पुढं दोन दांड्या. दांड्यांमुळे ती हुबेहूब रेंगीसारखी दिसायची. रेंगी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली एका-दोघांपुरती हलकी बैलगाडी. लग्नाला, बाजाराला जायची. मायनं पहिल्या दिवशी "आली वो बाप्पा माह्या लेकीची रेंगी" म्हटलं आणि तेच नाव पडलं. रेंगी म्हटल्यावर बैल पाहिजे, तो मी. ताई मागं बसून जिभेनं टॉक टॉक करायची, माझ्या वेणीचा कासरा धरायची आणि म्हणायची, "चाल वं, रोडावली का? कडबा कमी पडला का तुले?" मी चिडायचे, दांड्या खाली ठेवायचे. मग ती गोड बोलायची. दोन मिनिटांनी पुन्हा टॉक टॉक.

घरापासून दहा मिनिटांवर एक बाग होती. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ती चालवली ते आता नाहीत, आणि भांडायचं तेव्हा भांडले नाही, आता कागदावर भांडून काय उपयोग! बागेला पुढून मोठं फाटक होतं, पण ते बारा महिने कुलपात. कुणी मोठा पाहुणा मोटारीनं यायचा असला तरच उघडायचं. बाकीच्यांसाठी बाजूला फिरकी होती. मधे एक लोखंडी खांब, त्याच्याभोवती फिरणाऱ्या चार आडव्या दांड्या. एका वेळी एक माणूस अंग चोरून आत जायचा, दांडी ढकलायचा, फिरकी किरकिरत फिरायची. गावातली मोकाट ढोरं आत शिरून हिरवळ खातात म्हणून ती बसवली होती. ढोरं खरंच आत गेली नाहीत कधी. आमची रेंगीही नाही गेली.

सुरुवातीला काही अडलं नाही. रेंगी बाहेर कुंपणाला टेकवायची, बाबा ताईला खांद्यावर घ्यायचे आणि तिच्यासकट फिरकीतून आत. फिरकीत तिचे पाय दांडीला लागू नयेत म्हणून ते एका हातानं तिचे पाय धरून ठेवायचे. मला त्या खांद्याचा हेवा वाटायचा, हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटायचा.

मग ताई मोठी झाली. मुलगी मोठी होते म्हणजे काय ते आमच्या बायकांना सांगावं लागत नाही. मायनं एके दिवशी बाबांना हळूच सांगितलं, "आता तिले उचलून नका नेत जाऊ. लोक पाह्यतेत." बाबांनी मान हलवली. मायला उचलवत नव्हतं, मला तर नाहीच. त्या दिवसापासून ताईची बाग कुंपणापाशी संपली. संध्याकाळी मी रेंगी ओढत न्यायची, ती कुंपणाच्या लोखंडी गजांना नाक लावून बसायची, आणि मी फिरकीतून आत. ती मला कामं सांगायची. कारंजं सुरू आहे का पाहून ये. शेवटच्या झुल्याची साखळी दुरुस्त झाली का पाहून ये. लाल फुलांच्या झाडाखाली कोण बसलंय ते पाहून ये. मी धावत जायची, धावत यायची. पुढं पुढं मला माझ्या वर्गातल्या मैत्रिणी भेटायला लागल्या आणि मी उशिरा यायला लागले. एकदा आले तेव्हा दिवे लागले होते, आणि ताई गजांना धरून तशीच बसली होती. तिनं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती सोळाची झाली त्या वर्षी तिनं बाबांना सरळ सांगितलं, "बाबा, मले आत जायाचं हाय. रेंगीत बसून. कोनाच्या खांद्यावर नाई." तिनं कधी काही मागितलं नव्हतं. नवं परकर-पोलकं आणलं तरी "मले कुठी जायाचं हाय?" म्हणून मला द्यायची. म्हणून बाबा त्याच दिवशी अर्ज लिहायला बसले.

आमच्या मोहल्ल्यातले सगळे अर्ज बाबा लिहायचे. कुणाची वेलांटी चुकू द्यायचे नाहीत. दुसऱ्याच्या अर्जात "सदर", "उपरोक्त", "विनंती की" सगळं जागच्या जागी. पण हा अर्ज त्यांनी पोटातून लिहिला, आणि पोटातून लिहिताना माणूस घरच्या भाषेत लिहितो. त्यांनी लिहिलं की माझी मुलगी रेंगीतून फिरते, ती रेंगी फिरकीतून जात नाही, तरी रेंगी आत नेण्यासाठी मोठे फाटक रोज संध्याकाळी उघडण्यात यावे. पाय अधू आहेत हे लिहायचं त्यांच्या हातून राहिलं. मला वाटतं, ते त्यांना लिहवलंच नाही.

तीन आठवड्यांनी बागेच्या कमिटीचं उत्तर आलं. "बागेत रेंगी आणण्याची परवानगी देता येत नाही. बैलांच्या खुरांमुळे हिरवळ खराब होते व नागरिकांस उपद्रव होतो." एवढ्यावर थांबले नाहीत. कुणीतरी बागेत बैलगाडी घालायला निघालंय या धास्तीनं त्यांनी फिरकीशेजारी नवी पाटी लावली: बागेत रेंगी आणू नये.

ताईनं ते पत्र वाचलं आणि ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुह्या खुरानं गवत खराब होते म्हंते कमिटी!" माय हसली, मी हसले. बाबा नाही हसले. त्यांनी पत्राची घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर कमिटीच्या ऑफिसात गेले.

तिथं काय झालं ते त्यांनीच घरी येऊन सांगितलं. तिथला माणूस वाईट बोलला नाही. उलट, मुलीची गाडी आहे म्हटल्यावर तो वरमला, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, फिरकी काढता येत नाही, ढोरं येतील. मोठं फाटक रोज उघडता येत नाही, त्याला माणूस ठेवावा लागेल. पण मागच्या बाजूला एक दार आहे. शेणखताची बैलबंडी येते त्या दारानं. माळी सकाळी उघडतो. त्या दारानं खुशाल न्या मुलीला, कोणी अडवणार नाही.

"मी उठलो," बाबा म्हणाले. "म्हटलं, साहेब, आमाले मांगचं दार नको."

हे सांगताना त्यांची मान ताठ होती. मला आठवतं, त्या वेळी मलाही अभिमान वाटला होता. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. ताईनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि म्हणाली, "मले चालते मांगचं दार."

"तुले चालते. मले नाई चालत," बाबा म्हणाले. "खताच्या दारानं माही पोरगी नाई जानार. तुह्या आज्यानं सारा जनम मांगच्या दारी काढला."

"आज्याले पाय होते, बाबा."

बाबा ताटावरून उठले. हात धुऊन बाहेर जाऊन बसले. मायनं ताईकडे पाहिलं, पण ओरडली नाही. ताईनं शांतपणे जेवण संपवलं आणि मला म्हणाली, "माह्यं ताट उचल." बाबांचं चुकलं असं मी आजही सहजी म्हणणार नाही. ज्यानं मागच्या दाराची चव घेतलीय त्यालाच ती कळते. पण राग मात्र मला त्यांचाच आला. तुमचा मान राखायला तिनं का म्हणून बाहेर बसायचं, हे त्यांना विचारावं असं फार वाटलं. चौदा वर्षांच्या मुलीत तेवढी हिंमत नसते. मी दुसरंच केलं.

थंडीच्या दिवसांत बाबा कचेरीच्या कामानं तीन दिवस चांदूर रेल्वेला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेंगी बाहेर काढली. मायनं पाहिलं. म्हणाली, "मले काई सांगू नका. मी पान्याले चालली." आणि घागर घेऊन निघून गेली. नळाची वेळ झाली नव्हती.

बागेच्या मागं गल्ली होती, चिखलाची. आम्ही पोचलो तर दारापाशी खताची बंडी उभी, बैल दारात शिरायच्या बेतात. माळी म्हातारा होता, अंगात फाटका सदरा, डोक्याला मुंडासं. त्यानं रेंगीकडे पाहिलं, ताईच्या पायांकडे पाहिलं. मला धडकी भरली की आता विचारणार, कोणाच्या पोरी तुम्ही? त्या काळी त्या प्रश्नानंतर पुष्कळ दारं लागायची. पण त्यानं गाडीवानाला हाक मारली, "अरे, बैल मांगं घे. पयले रेंगी जाऊ दे."

बैल मागं सरले. रेंगी आत गेली.

ताईनं काय मागावं? कारंजं नाही, फुलं नाही. म्हणाली, "मले खाली ठेव." मी आणि माळ्यानं मिळून तिला रेंगीतून उतरवलं, म्हणजे त्यानं रेंगी धरली आणि मी तिला ओढलं. ती दवानं ओल्या गवतावर बसली. मग आडवी झाली, पालथी, आणि गाल गवताला लावून पडून राहिली. पोलकं ओलं झालं. मी म्हटलं, "सर्दी होईन वो." ती म्हणाली, "होऊ दे ना बाप्पा." तिच्या तोंडासमोरून एक मुंगळा चालला होता, त्याला ती बोटानं वाट अडवत होती आणि स्वतःशीच हसत होती.

मग झुला. माळ्यानं झुला धरला, मी तिला कशीबशी वर ओढून बसवलं, अंगावरच्या ओढणीनं साखळीला बांधलं आणि हळूहळू झोका दिला. तिचे पाय लोंबत होते, झोक्याबरोबर पुढं-मागं जात होते, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की ही पोरगी पाय हलवतेय. तिलाही ते दिसलं असावं. ती खाली स्वतःच्या पायांकडेच बघत राहिली. "आजून जोरानं," म्हणाली. मी दिला. "आजून." माझे हात भरून आले तरी ती थांबू देईना.

शेवटी तिनं मला फिरकीपाशी न्यायला लावलं. आतल्या बाजूनं. रेंगी दांडीला भिडवली तेव्हा तिनं हात लांब करून दांडी ढकलली. फिरकी किरकिरत फिरली. तिनं पुन्हा ढकलली, पुन्हा. रिकामी फिरकी गरगरा फिरत होती आणि ही आत बसून ती फिरवत होती. तिच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

परत येताना नळावर मी चाकं धुतली, फळ्या पुसल्या. ताईनं माझा हात घट्ट धरला. "बाबाले सांगजो नको. मरेपर्यंत नाई. त्याईले वाईट वाटन." मी म्हटलं, त्यांनी तुला जाऊ दिलं नाही आणि तू त्यांचंच बघ! ती म्हणाली, "माह्याकून काय होते दुसरं? तेवढं तं करू दे." मी शपथ घेतली. त्या थंडीत आम्ही अशा तीनदा गेलो. नंतर माळी बदलला, आणि नव्या माळ्यानं दार उघडलं नाही.

पुढं बाबांची बदली अकोल्याला झाली. घर नदीकडच्या अंगाला होतं, पावसाळ्यात भिंती ओल धरायच्या. दुसऱ्याच पावसाळ्यात ताईच्या छातीत कफ झाला. बसून बसून तिची छाती आधीच कमजोर, खोकायलाही जोर नसायचा. दवाखान्यात नेली, पाच दिवस काढले आणि सहाव्या दिवशी सकाळी गेली. एकोणीस वर्षांची होती. बाबांनीच त्रिशरण म्हटलं. दुसऱ्या ओळीला आवाज गेला, मग शेजारच्यांनी पुरं केलं. मला रडू आलं नाही. घरी आल्यावर कुणी मागून वेणी ओढेना, तेव्हा आलं, ते आठ-पंधरा दिवस थांबलं नाही. रेंगी बाबांनी कुणाला तरी देऊन टाकली.

सहा-सात वर्षं गेली. माझं लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला मी अकोल्याला आले. बाबा नोकरीतून मोकळे व्हायला थोडे दिवस राहिले होते. एका दुपारी ते माझ्या खाटेशेजारी पाटावर कागद ठेवून लिहीत बसले होते. कसला अर्ज म्हणून विचारलं. म्हणाले, गावात नवी बाग होऊन राहिली, तिला फिरकी बसवू नये, आणि बसवलीच तर शेजारी रुंद दार ठेवावं, पुढच्याच बाजूला, म्हणून लिहितोय. मी कागद हातात घेतला. "पायाने अधू असलेल्या व्यक्तींची हातगाडी" असं स्वच्छ लिहिलं होतं. रेंगी शब्द कुठं नव्हता.

मी कागद परत दिला. त्यांनी तो घेतला, पण लिहिलं नाही.

"एकदाई नाई गेली वं थे आत," ते म्हणाले. "माह्या हट्टापायी. मी उठून आलो थ्या ऑफिसातून, मान वर करून. अन् माही पोरगी बाहीर बसली."

बाबांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. आता ते आवाज न करता रडत होते, टाक हातात तसाच होता. माझी शपथ मला आठवत होती. पण शपथ घ्यायला लावणारी आता नव्हती, आणि समोर हा म्हातारा माणूस होता. मी म्हटलं, "गेली होती, बाबा. मी नेलं होतं. तुमी चांदूर रेल्वेले होते तवा. झुल्यावर बसली, गवतावर लोळली. लय हसली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं,

"कोन्या दारानं?"

माझ्या डोळ्यांपुढं ती चिखलाची गल्ली आली. मागं सरणारे बैल आले. "पयले रेंगी जाऊ दे" म्हणणारा तो माळी आला.

"पुढच्या," मी म्हटलं. "मोठं फाटक उघडलं होतं थ्या दिवशी. कोनी पाहुने आले होते."

"पुढच्या दारानं गेली," बाबा म्हणाले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पुढच्या दारानं." मग टाक दौतीत बुडवून अर्ज पुरा करायला घेतला.

बापाचं मन राखावं म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरंही आहे. पण त्या क्षणी मलाही त्या खताच्या दाराची लाज वाटली होती, आणि ताईला ती एक दिवसही वाटली नव्हती.